भाचीच्या लग्नास आलेल्या परदेशी पाहुण्याविषयी तक्रार

अर्जदार : मी स्वतः, व्यवसाय अर्जनवीस, बैठक अमरावती येथे कचेरीबाहेरील कडुनिंबाखाली, नवरीचा सख्खा व एकुलता एक मामा.

गैरअर्जदार : हॉलंड देशाचा एक गृहस्थ, वय सत्तरीच्या आसपास, उंची कोणत्याही दारात न मावणारी; पूर्वीचा व्यवसाय ट्राम चालवणे, हल्लीचा काही नाही.

घटनास्थळ व काळ : प्रथम अमरावतीतील माझे राहते घर, नंतर अकोल्यातील एक मंगल कार्यालय, गेल्या वैशाखातला लग्नाचा मुहूर्त आणि त्याच्या आधीचे काही दिवस.

साक्षीदार : माझी धाकटी बहीण सुमन, म्हणजे नवरीची आई, तिचे यजमान, ज्यांना मी जावईबापू म्हणतो, नवरदेवाचे मामा, राहणार शेंदूरजनाघाट, संत्र्यांचे व्यापारी, आणि माझी स्वतःची पत्नी, जी या प्रकरणात फितूर झालेली आहे.

गैरअर्जदाराचे नाव मी येथे लिहीत नाही. एक तर ते मला नीट उच्चारता येत नाही. शिवाय आमच्या घरात ते नाव आधीच गरजेपेक्षा जास्त घेतले जाते. माझ्या लेखणीने त्यात भर घालण्याचे काही कारण नाही. यापुढे मी त्याला नुसते ‘पाहुणा’ म्हणेन. वाचकहो, तुम्हीही लग्नांना जाता, मांडवात बसून माणसे पारखता. तेव्हा सर्व हकीकत ऐकून तुम्हीच काय ते ठरवावे.

पाहुण्याला मराठीतले एकच वाक्य धड येत असे. काहीही करायची वेळ आली, की तो दोन्ही तळहात वर करायचा, पांढऱ्या भुवया कपाळावर चढवायचा आणि माझ्याकडे बघून म्हणायचा, “मामा, आता काय?” चप्पल कुठे काढायची, हळदीचे बोट कुठे पुसायचे, म्हातारी बाई पाया पडायला लागली तर पाय मागे घ्यायचे की नाहीत, सगळ्याला हा एकच प्रश्न. हे वाक्य त्याला माझ्या भाचीने, रेणूने, शिकवले होते. तिने त्याला बजावले होते, की लग्नात काही कळले नाही तर मामांकडे पाहा आणि मामा करतील तसे करा. यात माझा सन्मान आहे असे तिला वाटले. खरे सांगायचे तर पहिला दिवसभर मलाही तसेच वाटले.

येथे रेणूवरील माझा हक्क नोंदवणे आवश्यक आहे. तिचे माहेर अकोल्याचे खरे, परंतु कॉलेजची सर्व वर्षे ती अमरावतीला माझ्या घरी राहिली. आम्हाला मूलबाळ नाही. तिची सायकल मी पुसली, तिच्या फीमाफीचे अर्ज मी लिहिले आणि ते सर्व मंजूर झाले. परीक्षेत कमी गुण पडले किंवा मैत्रिणीशी बिनसले, की ती दार लोटून बसायची. मग मी दह्यात भिजवलेला गिला वडा बांधून आणायचा, दाराबाहेर उभे राहायचे आणि म्हणायचे, “पोरी, दही आंबट होऊन राहिलं.” ती बाहेर यायची. तिची समजूत काढणे हे काम तिच्या आईला कधी जमले नाही, बापाला तर नाहीच. ते माझेच होते.

पुढे ती शिकायला हॉलंडला गेली. तेथे या पाहुण्याच्या घरातील माडीवरची खोली तिने भाड्याने घेतली. शिक्षण झाले, तेथेच नोकरी लागली, आणि तेथेच नोकरीला असलेल्या आपल्याकडच्या मुलाशी लग्न ठरले. आमंत्रणे निघाली, तेव्हा ती फोनवर म्हणाली, “मामा, आमचे आजोबा येऊन राहिले लग्नाले. त्याइले आधी तुमच्या घरी ठेवा. आईकडे लय गर्दी हाय.”

‘आमचे’ हा शब्द मी तेव्हाच ध्यानात ठेवला.

मी बडनेरा स्टेशनवर त्याला आणायला गेलो. मला वाटले होते, निदान प्रोफेसर तरी असेल. डब्यातून एक लांबलचक माणूस वाकून उतरला, खांद्याला शाळकरी मुलासारखी पिशवी, आणि मला पाहताच तळहात वर. “मामा, आता काय?” मी त्याच्या हातातील सामान घेतले, त्याने ते परत घेतले. रिक्षात त्याचे गुडघे त्याच्या हनुवटीला लागत होते. रिक्षावाल्याने सबंध रस्ता मागे वळून त्याच्याकडे पाहत गाडी चालवली. माझ्याकडे कोणी पाहिले नाही, मी त्याच रिक्षात असूनही.

माझी पत्नी पहिल्याच जेवणाला फितूर झाली. तिने रोडगे आणि वांग्याची भाजी केली होती. मी तिला सांगितले होते, की याला वरण-भात वाढ, तिखट याला सोसणार नाही. पाहुण्याने तीन रोडगे मोडले, भाजी दोनदा घेतली, डोळ्यांतून पाणी गाळले आणि पुन्हा ताट पुढे केले. मला पित्ताचा त्रास असल्यामुळे त्या भाजीकडे मला नुसते पाहावे लागते. जेवण झाल्यावर त्याने उठून आपले ताट स्वतः घासले. नंतर माझेही घासले.

“पायलं का?” पत्नी म्हणाली.

“काय पाहू?”

“काई नाई. पायलं का म्हटलं.”

तेव्हापासून आमच्या घरात माझे ताट घासण्याबाबत जे वारे वाहू लागले आहे, ते अद्याप थांबलेले नाही. या नुकसानीची वेगळी दाद मी मागत नाही; केवळ नोंद करतो.

दिवसा त्याला घरी ठेवणे मला सुरक्षित वाटेना, म्हणून मी त्याला कचेरीवर नेऊ लागलो. माझ्या टेबलापाशी पक्षकारांसाठी एक स्टूल आहे. त्यावर तो बसायचा आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसूनच राहायचा. पुस्तक नाही, फोन नाही, बडबड नाही. समोरचा माणूस बोलत असेल तर त्याच्याकडे पाहायचा, रडत असेल तर जमिनीकडे पाहायचा. वारसाच्या नोंदीच्या अपिलासाठी तेल्हाऱ्याकडचे एक आजोबा आले होते. त्यांनी बराच वेळ त्याला न्याहाळले आणि मला विचारले, “काहो, याचं कोनतं प्रकरण हाय?”

“प्रकरण नाही. पाहुणा आहे माझा.”

“वारसाचंच असन,” आजोबा ठामपणे म्हणाले. “येवढ्या दूरून आला म्हंजे वावर मोठं असन.” आणि आपली सगळी हकीकत, भावकीच्या शिव्यांसकट, त्यांनी मला सोडून पाहुण्याला सांगितली. त्याला त्यातले अक्षर कळत नव्हते. तरी उठताना आजोबा म्हणाले, “मानूस चांगला हाय. आयकून घेते.”

मी या जागेवर अर्धे आयुष्य काढले आहे. शिक्षण दहावीपर्यंत, पुढचे सर्व या कडुनिंबाखाली झाले. माझ्या अर्जातील एक ‘ज्याअर्थी’ हलला तर प्रकरण कोसळते, हे वकीलसुद्धा मानतात. परंतु ‘ऐकून घेतो’ असे माझ्याविषयी कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. मी लगेच शेजारच्या टायपिस्टला आणि स्टॅम्पवाल्याला सांगितले, की हा काही मोठा साहेब नव्हे, साधा ट्रामचा ड्रायव्हर होता. माझी अपेक्षा होती की भाव उतरेल. टायपिस्ट म्हणाला, “ड्रायव्हर? आन इमानात बसून येते? आन येवढा साधा राहते?” भाव दुप्पट झाला.

आता अकोल्याकडे येतो.

ज्यांनी अकोल्याचा वैशाख भोगलेला नाही त्यांच्या माहितीसाठी सांगतो, की तेथे लग्नातील मान हार-तुऱ्यांनी ठरत नाही. कूलरसमोर कोणती खुर्ची मिळाली यावर ठरतो. मांडवात कूलर दोन. एक नवरदेवाकडच्यांचा, एक आपला. आपल्या कूलरसमोरील मधली खुर्ची मुलीच्या मामाची. हे कोठे लिहिलेले नाही, कारण लिहिण्याची कोणाला गरज वाटली नाही. मी हात-पाय धुऊन, फेटा बांधून आलो, तर त्या खुर्चीवर पाहुणा. चेहरा उकडलेल्या बिटासारखा लाल, डोक्यावर माझ्यासारखाच फेटा.

जावईबापूंनी मला बाजूला घेतले. “दादा, तुमी आपले मानूस हा. तो बिचारा शिजून जाईन.”

“मंग मी काय पहिलेच शिजेल हाव?”

“असं काहून बोलता? घडीभराची गोठ हाय.”

मी कडेच्या खुर्चीवर बसलो, जेथे हवा पोचत नाही, फक्त कूलरचा आवाज पोचतो. पाहुण्याने मला पाहिले. तो उठला, माझ्याशेजारची खुर्ची ओढून बसला आणि रुमालाने वारा घेऊ लागला; कारण मी रुमालाने वारा घेत होतो. मधल्या खुर्चीवर तात्काळ फोटोग्राफर जाऊन बसला. अशा रीतीने हवा मलाही नाही आणि त्यालाही नाही. मागच्या रांगेतील बाया मात्र म्हणाल्या, “पाय व, किती नम्र हाय तो!” मी त्याच्या आधीपासून तेथे बसलो होतो. माझ्या नम्रतेची दखल कोणी घेतली नाही.

परंतु खरी तक्रार यापुढे आहे.

वरात मांडवाच्या दाराशी आली, की आमच्याकडे भेटी होतात. व्याही व्याह्याला, विहीण विहिणीला आणि मामा मामाला हार घालून, अत्तर लावून छातीशी धरतो. मामा-भेटीत एकमेकांना उचलण्याची गंमत असते. जो जमिनीवरून उचलला जाईल त्याचा पक्ष हलका. नवरदेवाचे मामा संत्र्यांचे व्यापारी. पेट्या उचलून दंड कमावलेला माणूस. ते दरवेळी समोरच्याला उचलतात अशी त्यांची कीर्ती. मी पाय कसे रोवायचे याचा विचार हळदीपासून करून ठेवला होता.

लाउडस्पीकरवर पुकारा झाला, “आता मामा-भेट! मुलीचे मामा, मुलाचे मामा, म्होरं या!”

मी हार घेऊन पुढे झालो. मामा करतील तसे करायचे, या हुकुमाप्रमाणे पाहुणाही माझ्या बरोबरीने पुढे झाला. कोणा शहाण्याने त्याच्याही हातात हार दिला होता. शेंदूरजनाघाटचे मामा दोन्ही बाहू पसरून आले. त्यांनी मला पाहिले, पाहुण्याला पाहिले, आणि ओरडले, “अरे, इमानात बसून आलेला मामा पहिले!”

त्यांनी पाहुण्याला मिठी मारली. उचलायला गेले. पाहुणा इतका उंच, की त्याचे खांदे वर गेले आणि पाय जमिनीवरच राहिले. पुन्हा प्रयत्न केला. सगळा मांडव हसू लागला, बँडवाल्याने ढोल बडवला, फोटोग्राफर कूलर सोडून धावत आला. शेवटी पाहुण्यानेच त्या व्यापारी मामांना अलगद उचलले आणि काचेचे भांडे ठेवावे तसे खाली ठेवले. केवढ्या टाळ्या पडल्या! आपला पक्ष जिंकला म्हणून माझी सख्खी बहीण सुमन तोंडावर पदर धरून हसत होती.

लाउडस्पीकर म्हणाला, “आता विहीण-भेट!”

माझा हार माझ्या हातात होता.

मी हार खुर्चीवर ठेवला, फेटा काढून हातात घेतला आणि कार्यालयाच्या मागे गेलो. तेथे पाण्याचा टँकर उभा होता आणि आचाऱ्याने भाजीचे रिकामे क्रेट रचून ठेवले होते. एक क्रेट उलटा करून मी त्यावर बसलो. म्हणजे रीतसर रुसलो.

लग्नात रुसणे म्हणजे राग येणे नव्हे. राग कोणालाही येतो. रुसण्याचा हक्क मात्र मोजक्यांना असतो. रुसलेल्या माणसाने दूर जायचे, पण सापडेल इतकेच दूर. मग घरच्यांनी शोधत यायचे, काय चुकले ते विचारायचे, त्याने दोनदा नाही म्हणायचे आणि तिसऱ्यांदा उठायचे. किती माणसे समजूत घालायला आली, यावर त्या माणसाचे घराण्यातील वजन ठरते. माझे थोरले काका एका लग्नात असे रुसले होते की व्याह्यांना जोडीने यावे लागले होते. मी कोणाची पावले वाजतात का ते ऐकत बसलो. ऐकू येत होता तो बँड. आणि मग पावले वाजली. लांब, सावकाश.

पाहुणा आला. त्याने मला पाहिले, क्रेट पाहिले, दुसरा क्रेट उलटा केला आणि माझ्याशेजारी बसला. “मामा, आता काय?”

मी टँकरकडे तोंड फिरवले. त्याने आपला फेटा काढून मांडीवर ठेवला, हाताची घडी घातली, आणि मी टँकरकडे पाहत होतो म्हणून तोही टँकरकडे पाहू लागला. टँकरच्या तोटीतून पाणी ठिबकत होते. बराच वेळ आम्ही दोघांनी ते पाहिले. वाटोळे काय असते, तर हे. ज्याच्यामुळे रुसलो तोच सोबतीला.

थोड्याच वेळात मांडवात बोंब झाली, “पावना कुठं गेला? पावना रुसला!” आणि सगळे धावत आले. जावईबापू पुढे, सुमन मागे, तिच्या मागे नणंदा, शेंदूरजनाघाटचे मामा, अत्तरदाणी घेतलेली एक बाई, आणि फोटोग्राफर. माझ्या काकांसाठीही एवढी माणसे आली नव्हती. सगळ्यांनी पाहुण्याभोवती कडे केले.

“काय चुकलं हो आमचं?” सुमन हात जोडून त्याला म्हणाली. “लेकरू समजून पदरात घ्या.”

व्यापारी म्हणाले, “उचलायच्या टायमाले काई लागलं काय कंबरेत? माफी करा बाप्पा!”

पाहुणा माझ्याकडे पाहू लागला. मग सुमनचे लक्ष गेले.

“दादा, तू काहून बसला इथं?”

वाचकहो, या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? ‘मी रुसलो आहे’ असे ज्याला स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते, त्याचे रुसणे फुकट गेले. मी म्हणालो, “बसलो असाच. हवेशीर हाय.”

“मंग बस. याले तरी उठव!”

दोघांनी पाहुण्याचे दंड धरून त्याला उठवायचा प्रयत्न केला. तो उठेना. त्याने बोटाने मला दाखवले. “मामा,” तो म्हणाला. पुन्हा ओढले. पुन्हा बोट. “मामा.” त्याचे एवढेच म्हणणे होते, की मामा उठतील तेव्हा मी उठेन.

तेव्हा कुठे जावईबापूंच्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी माझ्या हातातील फेट्याकडे पाहिले, मग मांडवाच्या दिशेने पाहिले, आणि कपाळावर हात मारला. “अरे बाप्पा! दादा, भेट राहिली न तुमची!”

“कोनाची भेट?” मी म्हणालो. हे पहिले नाही.

“माफ करा दादा, गर्दीत ध्यानच राहिलं नाई.”

“गर्दी तं असतेच लग्नात,” मी म्हणालो. हे दुसरे.

तिसऱ्यांदा शेंदूरजनाघाटच्या मामांनी विचारलेच नाही. क्रेटवरून थेट मला उचलले. पाय रोवायलाही वेळ मिळाला नाही. माझी मामा-भेट अशा प्रकारे टँकरपाशी, भाजीच्या देठांवर, कोणीतरी घाईने शोधून आणलेल्या हारासह झाली. फोटोग्राफर तेवढ्यात जेवणाच्या रांगेत गेला होता. म्हणजे मला मान मिळाला हे खरे. पण तो पाहुण्याच्या शिफारशीने मिळाला. माझ्याच घरी, माझ्याच बहिणीकडून. हे मी अजून गिळू शकलेलो नाही.

गुरुजींचा आवाज आला, “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे. मुहूर्ताची वेळ होत आहे.”

मी रेणूच्या खोलीच्या दाराशी गेलो. पाहुणा मागे होताच, पण उंबऱ्याच्या अलीकडे तो आपणहून थांबला. मला आत जाऊ दिले. पिवळ्या शालूत ती उभी होती. तिचा हात हातात घेतला तर तो थंडगार. बाहेर असले ऊन, आणि हात थंड. मी म्हणालो, “चाल पोरी.” ती दोन पावले चालली आणि दारात थांबली. पाहुण्याने वाकून, हळू आवाजात, त्यांच्या भाषेतला एकच लहानसा प्रश्न विचारला. तिने डोळे मिटले, श्वास घेतला, मान हलवली, हसली. मग तिचा हात ऊबदार झाला. माझ्या हातात असलेला हात, त्याच्या शब्दाने.

“काय म्हनला तो?” मी विचारले.

“काई नाई मामा. चला.”

मंगलाष्टके झाली. मी तिच्या मागे उभा होतो. पाहुणा अक्षता एकेक दाणा करून टाकत होता. इतरांच्या संपल्या तरी त्याच्या उरल्या होत्या. मला काही ऐकू येत नव्हते. तो शब्द काय असेल, एवढेच डोक्यात होते. मांडव, कूलर, भेट, हे सर्व मी सोडून दिले असते. ते मला दिसणारे होते. हा शब्द न दिसणारा होता.

जेवणे आटोपली आणि पाठवणीची तयारी सुरू झाली, तेव्हा मी रेणूला खोलीत एकटी गाठले. “पोरी, मी तुवा मामा हावो. त्यानं काय इचारलं ते सांग.”

तिने बांगड्या मागेपुढे केल्या. मग म्हणाली, “त्यानं इचारलं, दार उघडं हाय ना?”

“कोनतं दार?”

तेव्हा तिने सांगितले. पहिल्या हिवाळ्यात ती तेथे दार लावून बसली होती. कॉलेजला जाणे बंद, जेवणे बंद, अंघोळही बंद. काही झाले नव्हते, कोणी काही बोलले नव्हते. तेथे दिवसाच अंधार असतो, म्हणाली, आणि तो अंधार आत आला. “मले वाटे आता उठनंच नाई.” पाहुण्याने रोज दारापाशी सूपचे भांडे ठेवले. ठोठावले नाही. उपदेश केला नाही. खालून एक उशी आणली आणि दाराबाहेरच्या पायरीवर बसू लागला. रोज. काही न बोलता.

“मले आतून त्याचं खोकलनं आयकू ये, मामा. कोनी हाय एवढं समजे. मंग एक दिवस मी दार थोडं उघडलं. तो काईच नाई बोलला. तुमच्यासारखं ‘दही आंबट होऊन राहिलं’ म्हनायले त्याले येत नव्हतं न.”

ती हसत हे सांगत होती. मग हसता हसता रडली आणि माझ्या खांद्यावर डोके ठेवले. तेवढ्यात बायका तिला न्यायला आल्या.

त्या हिवाळ्यात ती दर रविवारी मला फोन करत होती. “मस्त चालू हाय मामा,” म्हणायची. मी ते कडुनिंबाखाली सगळ्यांना सांगायचो. टायपिस्टला, स्टॅम्पवाल्याला, चहावाल्याला. भाची हॉलंडला मजेत आहे. तिच्या आवाजात मला काही वेगळे ऐकू आले नाही. ज्याला तिच्या भाषेचा एक शब्द येत नव्हता, त्याला बंद दारातून सगळे ऐकू आले.

आणि क्रेटवर तो माझ्याशेजारी बसला होता, तेव्हा मी समजत होतो की तो माझी नक्कल करतो आहे!

वाचकहो, मत्सराचे अनेक प्रकार मी कचेरीत पाहिले आहेत. भावाला भावाच्या विहिरीचा, सवतीला सवतीच्या मुलाचा. सर्वांना कोठे ना कोठे मोजमाप असते, मोजणीदार नेऊन हद्द दाखवता येते. ज्या पायरीवर बसायला मी हवा होतो, त्या पायरीवर दुसरा बसला, याची हद्द कशी दाखवावी? तो बसला नसता तर काय झाले असते हे मला कळते. म्हणून त्याचे आभार मानायला हवेत हेही कळते. तरी रात्रंदिवस वाटते, की तो मी असायला हवा होतो.

लग्नानंतर तो अकोल्याहूनच परत गेला. स्टेशनवर सगळे कुटुंब आले होते. माझ्या पत्नीने अमरावतीहून त्याच्यासाठी लसणाची चटणी करून आणली होती. मला तिने अशी कधी बांधून दिलेली नाही. त्याने फेटा काढायला नकार दिला आणि डब्याच्या दारात तो वाकला तरी फेटा वर लागलाच. गाडी सुटताना त्याने तळहात वर केले, भुवया चढवल्या आणि मला विचारले, “मामा, आता काय?” खिडकीच्या काचेआड तो वाकून, माझ्याकडे तोंड करून तसाच उभा होता, जोवर दिसत होता तोवर.

आता रेणू आणि तिचे यजमान तेथेच संसार करतात. पाहुण्याच्या घरापासून दोन ट्राम-थांब्यांवर त्यांचे घर आहे, असे ती सांगते. पुन्हा हिवाळा लागला आहे. ती रविवारी फोन करते आणि म्हणते, “मस्त चालू हाय मामा.” मी ‘बरं’ म्हणतो आणि फोन ठेवल्यावर त्या चार शब्दांची उलटतपासणी करत बसतो. साक्षीदार खरे बोलतो की खोटे, हे मी ओळखतो अशी माझी ख्याती आहे. या साक्षीदाराबाबत ती चालत नाही.

सबब अर्जदाराची गैरअर्जदारास नम्र विनंती, ती येणेप्रमाणे. कूलरसमोरील खुर्चीबाबत माझा दावा मी मागे घेतो. मामा-भेटीबाबतही घेतो. घरी ताट घासण्याबाबत जो त्रास सुरू झाला आहे तो सोसण्यास मी तयार आहे. त्या बदल्यात त्याने आठवड्यातून एकदा दोन थांबे जावे आणि यावे. मजकूर त्याला त्याच्या भाषेत कोणाकडूनही समजावून घेता येईल. फक्त रेणूकडून घेऊ नये. उत्तरही तिच्या हाती न देता थेट माझ्या पत्त्यावर पाठवावे. वाचून दाखवणारा मी येथे शोधून ठेवला आहे. मजकूर मोठा नको, तिचा संसार, नोकरी, हवामान, काही नको.

दार उघडे आहे की नाही, एवढेच कळवावे. उत्तराची वाट पाहत आहे.